कोपऱ्यापासून मोडलेले किल्ले

जपानच्या ह्योगो प्रांतात आसागो नावाचे लहानसे शहर आहे. तिथे ३५४ मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर ताकेदा किल्ल्याचे दगडी तट आणि रिकामी जोती उघड्यावर उभी आहेत. शरद ऋतूत पहाटे मारुयामा नदीच्या खोऱ्यात धुके दाटते, डोंगराचा खालचा भाग त्यात बुडून जातो आणि समोरच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला ढगांवर तरंगणारा तट दिसतो. हे छायाचित्र जगभर फिरले आणि ‘आकाशातला किल्ला’ हे नावही त्याला चिकटले. त्याबरोबर एक समजही रूढ झाला. माणसे निघून गेली, लाकूड कुजले, पावसापाण्याने उरलेसुरले धुऊन नेले आणि काळाच्या तडाख्यातून वाचले ते हे दगड, असा तो समज. मला तो चुकीचा वाटतो, निदान फार अपुरा वाटतो. जपानमधल्या डोंगरी किल्ल्यांचे भग्नपण मुख्यतः काळामुळे आलेले नाही. ते राज्यकर्त्यांच्या हुकुमांनी आणि ते हुकूम बजावणाऱ्या हातांनी घडवलेले आहे. हे किल्ले पडले नाहीत, पाडले गेले. जे पाडले नाहीत तेही कोणी तरी ठरवून ओस ठेवले. पुरावा त्या दगडांतच आहे, फक्त तटाच्या मधल्या भागावरची नजर काढून ती कोपऱ्यांकडे न्यावी लागते.

कोपराच का, हे कळण्यासाठी तट कसा रचला जाई ते आधी पाहिले पाहिजे. जपानमध्ये लहानमोठ्या किल्ल्यांच्या जागा तीस ते चाळीस हजार असाव्यात असा अंदाज केला जातो. त्यांतल्या बहुतेक पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या आहेत. मध्यवर्ती सत्ता खिळखिळी झाली होती आणि प्रत्येक खोऱ्यातला सरदार शेजाऱ्याच्या भीतीने डोंगरावर चढून बसत होता. या सुरुवातीच्या किल्ल्यांत दगड फार थोडा. डोंगराची सोंड आडवी खणून तोडायची, उतार तासून सरळसोट करायचा, माथ्यावर सपाट्या काढून लाकडी कुंपण आणि मेढेकोट उभारायचा, एवढ्यावर भागत असे. उंच दगडी तट सर्रास दिसू लागले ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ओमी प्रांतात बिवा सरोवराकाठी राहणारे आनो येथील पाथरवट या कामात नावाजलेले होते आणि बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाने १५७६ मध्ये आझुची किल्ला बांधायला घेतल्यावर त्यांची मागणी देशभर वाढली. त्यांच्या बांधणीत चुना नाही. डोंगरातलेच अनघड दगड एकमेकांत बसवायचे, त्यांच्या मागे लहान गोट्यांची जाड भर घालायची म्हणजे पावसाचे पाणी तटावर दाब न आणता झिरपून जाते, आणि सगळा तट आतल्या बाजूला किंचित कलता ठेवायचा. या रचनेचा जीव कोपऱ्यात असतो. कोपऱ्याला लांबट दगड घेतात. एका थराला दगडाची लांब बाजू डावीकडे, वरच्या थराला उजवीकडे, अशी गुंफण करत ते चढवत नेतात, त्यामुळे दोन्ही भिंती एकमेकींना धरून राहतात. भिंतीच्या मधला एखादा दगड निखळला तर तट उभा राहतो, पण कोपरा काढून घेतला तर दोन्ही बाजूंना आधार उरत नाही, मागची भर ओघळू लागते आणि उरलेले काम पाऊस करतो.

बांधणाऱ्यांना हे माहीत होते, तसे मोडणाऱ्यांनाही. जपानी इतिहासात किल्ला मोडण्याची एक जुनी, जवळजवळ विधीसारखी प्रथा होती. हरलेला सरदार शरण येताना आपल्याच किल्ल्याचा काही भाग स्वतः मोडून दाखवी आणि जिंकणारा तेवढ्यावर समाधान मानी. संपूर्ण किल्ला जमीनदोस्त करण्याची गरज नसे. दाराशेजारचा तट मोडला, खंदकाचा तुकडा बुजवला की इथून पुढे लढणार नाही हे सर्वांना कळे. सोळाव्या शतकाच्या शेवटी या प्रथेचे रूप बदलले. नोबुनागाने १५८० मध्ये यामातो प्रांतातले किल्ले मोडण्याचा हुकूम काढला आणि एकटा कोरियामा राखून तो त्सुत्सुई जुनकेईकडे दिला. त्याच वर्षी हाशिबा हिदेयोशीने, म्हणजे पुढे सारा देश एका छत्राखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने, हारिमा प्रांतातल्या किल्ल्यांची नावे लिहून ते मोडण्याचे काम वाटून दिले. ताकेदा त्या काळी ज्या ताजिमा प्रांतात होता, त्याच्या दक्षिणेला लागूनच हा प्रांत. दोन सरदारांमधल्या शरणागतीची खूण आता राहिली नव्हती. एका मोठ्या सत्तेने नकाशासमोर बसून कोणते डोंगर लढण्याजोगे ठेवायचे आणि कोणते नाही हे ठरवायला सुरुवात केली होती. यामातोतला ताकातोरी किल्ला या हुकुमात मोडला गेला आणि चार वर्षांनी जुनकेईनेच तो पुन्हा उभा केला. ५८३ मीटर उंचीवरची एकच जागा चार वर्षांच्या अंतराने भग्नही होते आणि पुन्हा भक्कमही, तेव्हा त्या भग्नपणाचा काळाशी काय संबंध?

या वाटचालीचे टोक १६१५ मध्ये आले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात देशाचा नवा सत्ताधीश तोकुगावा इएयासूने ओसाका किल्ला पाडून तोयोतोमी घराणे संपवले आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत पश्चिमेकडच्या सरदारांना हुकूम गेला की प्रत्येकाने आपल्या राहत्या किल्ल्याखेरीज बाकीचे मोडून टाकावेत. ‘एका प्रांतात एक किल्ला’ या नावाने तो ओळखला जातो. पाठोपाठ सरदारांसाठी जे नियम आले त्यांत नवा किल्ला बांधायला बंदी होती आणि जुन्याची डागडुजीसुद्धा सरकारला कळवल्याशिवाय करायची नव्हती. ही बंदी कागदापुरती नव्हती. हिरोशिमाचा फुकुशिमा मासानोरी हा १६०० मधल्या सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावांच्या बाजूने लढलेला मोठा सरदार. पुराने ढासळलेला तट त्याने रीतसर परवानगीची वाट न पाहता दुरुस्त केला, म्हणून १६१९ मध्ये त्याची जहागीर काढून घेतली गेली. सुमारे पाच लाख कोकूंचा धनी ४५ हजार कोकूंवर आला. (एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, जहागिरीचे मोल त्यात मोजत.) तटाचे ढासळलेले दगड पुन्हा जागेवर बसवणे हा ज्या देशात राजद्रोहाजवळ जाणारा गुन्हा होता, तिथे ढासळलेला तट पाहून केवळ पावसाकडे बोट दाखवता येत नाही. पडलेला दगड पडलेलाच राहावा, हीही आज्ञा होती.

या हुकुमाचा धाक किती होता हे इवाकुनीवरून दिसते. किक्कावा हिरोइए याने निशिकी नदीच्या वळणावर, सुमारे २०० मीटर उंच डोंगरावर हा किल्ला बांधला. १६०८ मध्ये तो पुरा झाला आणि १६१५ मध्ये पाडला गेला. सात वर्षांत नांदत्या किल्ल्याचे लाकूड कुजून पडत नाही की दगड झिजत नाही. सुओ प्रांतात दुसरा तोलामोलाचा किल्ला नव्हता, त्यामुळे हुकुमाच्या अक्षराप्रमाणे इवाकुनी राखता आला असता. पण किक्कावांचे वरिष्ठ मोरी घराणे सेकिगाहारात हरलेल्या बाजूचे होते. हागीचा राहता किल्ला सोडून आपल्याकडे काहीच नाही हे दाखवण्याची त्यांना घाई होती. अंगावर संशय असलेला माणूस मागितल्यापेक्षा जास्त देतो, तसे मोरींनी केले. त्या डोंगरावर आज दिसणारा बहुमजली मनोरा १९६२ साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे आणि खालच्या प्रसिद्ध किंताई पुलावरून नीट दिसावा म्हणून मूळ जागेपासून थोडा सरकवून बांधलेला आहे. मूळ जोते तिथून जवळच आहे. इवाकुनीचा इतिहास त्या जोत्यात आहे आणि पर्यटकांची पावले मनोऱ्याकडे वळतात, याचे मला वाईट वाटते.

आता कोपऱ्यांचा पुरावा. क्यूशू बेटाच्या वायव्य टोकावर हिझेन नागोया हा अवाढव्य किल्ला १५९१ मध्ये उभा राहू लागला. कोरियावर स्वारी करण्यासाठी हिदेयोशीने तो बांधवला. भोवती शंभराहून जास्त सरदारांच्या छावण्या पडल्या होत्या. हिदेयोशी १५९८ मध्ये वारला, स्वारी फसली आणि किल्ल्याचे प्रयोजन संपले. तो फार उंचावर नाही, समुद्राजवळच्या टेकडीवर आहे, पण डोंगरी किल्ले कसे वाचावेत हे त्याचे तट शिकवतात. लांबच लांब भिंतीत ठरावीक अंतराने वरून खाली निमुळत्या होत गेलेल्या खाचा पाडलेल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक कोपरा उपसलेला आहे. मधला तट बऱ्याच ठिकाणी जसाच्या तसा उभा आहे. असे अंतर मोजून कोसळण्याची शिस्त पावसाला नसते. या मोडतोडीचा मोठा भाग शिमाबाराच्या उठावानंतरचा मानला जातो. तो उठाव १६३७-३८ चा. कराने आणि धर्मछळाने गांजलेले शेतकरी आणि ख्रिस्ती लोक समुद्रकाठच्या ओस पडलेल्या हारा किल्ल्यात घुसले, तिथे त्यांनी नव्याने कुंपणे घातली आणि महिनोन्महिने तोकुगावांच्या प्रचंड फौजेला झुंजवले. सोडलेला किल्लाही पुन्हा जिवंत होतो, हा धडा राज्यकर्त्यांना तिथे मिळाला. उठाव चिरडल्यावर हारा किल्ल्याचे दगड ढकलून दरवाजे त्यांच्याखाली गाडले गेले. १९९२ पासून झालेल्या उत्खननांत त्या दगडांखाली माणसांची हाडे, गोळ्यांच्या शिशातून घडवलेले क्रूस आणि जळक्या खुणा सापडल्या. तट मोडणे आणि मेलेल्यांना पुरणे ही तिथे एकाच वेळी, त्याच हातांनी झालेली कामे होती.

यावर पहिला आक्षेप निसर्गाच्या बाजूने येतो. जपान हा भूकंपांचा, वादळांचा आणि मुसळधार पावसाचा देश. झाडांची मुळे तटात शिरतात, पाणी तुंबते, भिंत पोट काढते आणि एक दिवस फुटते. हे सगळे खरे आहे. पण फुगून पडलेली भिंत सहसा मधून पडते, कारण पाण्याचा दाब तिथे सर्वांत जास्त असतो आणि गुंफणीचा आधार सर्वांत कमी. याचा ढळढळीत नमुना एप्रिल २०१६ च्या भूकंपात कुमामोतो किल्ल्यावर दिसला. तिथल्या इइदामारू बुरुजाखालचा तट दोन्ही बाजूंनी कोसळला, पण कोपऱ्याचे दगड एकावर एक तसेच उभे राहिले आणि त्या एका दगडी खांबावर वरची इमारत तोलून राहिली. भूकंपाने सगळीकडेच कोपरे राखले असे नव्हे, कुमामोतोतही इतरत्र कोपरे पडले. पण निसर्गाचा घाव आणि माणसाचा घाव यांची दिशा वेगळी असते हे त्या खांबाने लक्षावधी लोकांना दाखवून दिले. निसर्ग जिथे कच्चे असेल तिथे तोडतो. हुकूम घेऊन आलेला माणूस जिथे सर्वांत पक्के असेल तिथून सुरुवात करतो.

ताकेदा आणि हिझेन नागोया यांची तुलना तर आणखी बोलकी आहे. दोन्हींचे दगडी तट सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतले आणि दोन्ही अनघड दगडांच्या पद्धतीचे. ताकेदा साडेतीनशे मीटर उंचीवर, वारा, पाऊस आणि हिवाळ्यातले हिम झेलत उघड्यावर. काळच गुन्हेगार असता तर ताकेदाची अवस्था जास्त वाईट असायला हवी होती. प्रत्यक्षात उत्तर-दक्षिण ४०० मीटर आणि पूर्व-पश्चिम १०० मीटर पसरलेले त्याचे तट, धारदार कोपऱ्यांसकट, इतके टिकले आहेत की देशातल्या दगडी अवशेषांत त्यांची गणना अग्रभागी होते. यावर कोणी म्हणेल की १९७० च्या दशकात तिथे तटांची डागडुजी झाली आहे. झाली आहे. पण तिने ढासळलेल्या जागा सावरल्या, शेकडो मीटर तट नव्याने रचलेला नाही. डागडुजी करण्याजोगे इतके काही चारशे वर्षे शिल्लक राहिले, यातच मुद्दा आला.

मग ताकेदा मोडला गेला नाही तर ओस का पडला? तिथेही उत्तर हुकुमातच सापडते, फक्त तो हुकूम दगडांवर निघालेला नव्हता. पंधराव्या शतकात यामाना घराण्याने हा किल्ला उभारला आणि आपल्या ओतागाकी सरदारांना दिला, अशी परंपरा आहे. खोऱ्यातून जाणारे रस्ते आणि जवळची इकुनोची चांदीची खाण या दोन गोष्टींमुळे त्याचे मोल होते. १५७७ मध्ये हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा याने तो घेतला आणि १५८५ मध्ये तो आकामात्सू हिरोहिदेकडे आला. आजचे दगडी तट त्याच्या काळातले. अवघ्या २२ हजार कोकूंच्या सरदाराला असा तट एकट्याच्या बळावर परवडणे कठीण. चांदीवर डोळा असलेल्या हिदेयोशीच्या सत्तेचा हात त्यामागे असावा, हा तर्क मला पटतो. हा हिरोहिदे विद्येचा भोक्ता होता. कन्फ्यूशियसच्या विचारांचा अभ्यासक फुजिवारा सेइका हा त्याचा स्नेही आणि कोरियावरच्या स्वारीत कैद होऊन आलेला विद्वान कांग हांग यालाही त्याने आश्रय दिला. ग्रंथांच्या नकला करून घेतल्या, चर्चा घडवल्या. जपानमधल्या नवकन्फ्यूशियन विचाराची पाळेमुळे शोधताना या तिघांचा सहवास ओलांडून जाता येत नाही. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या वेळी हिरोहिदे आधी पश्चिमेच्या, म्हणजे हरणाऱ्या बाजूला होता. मग बाजू बदलून तो तोत्तोरी किल्ल्यावरच्या हल्ल्यात सामील झाला. त्या हल्ल्यात किल्ल्याखालचे गाव जळाले, त्याचा दोष त्याच्यावर आला आणि इएयासूच्या हुकुमाने त्याला पोट चिरून मरावे लागले. इकुनोची खाण आणि भोवतालचा मुलूख तोकुगावांनी थेट आपल्या ताब्यात घेतला. चांदी सरकारी झाली, तिथे सरकारी कारभारी बसला आणि डोंगरावर स्वतःचा सरदार असण्याचे कारणच उरले नाही. ताकेदा काळामुळे ओस पडला नाही. एका मृत्युदंडाने आणि एका खाणीच्या हस्तांतराने तो रिकामा झाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डोंगरी किल्ले गैरसोयीचे होते म्हणून सरदारांनी ते आपणहून सोडले, हुकूम नुसते निमित्त झाला, असे बरेच अभ्यासक म्हणतात. त्यांच्या बाजूने उदाहरणेही चांगली आहेत. होरिओ घराणे १६०० मध्ये गास्सान-तोदा या डोंगरी किल्ल्यात आले आणि थोड्याच वर्षांत व्यापाराला आणि जलमार्गाला सोयीची जागा हवी म्हणून १६०७ ते १६११ या काळात मात्सुए इथे सपाटीवर नवा किल्ला बांधून उतरले. तोफा-बंदुका आल्या, बाजारपेठा वाढल्या, कारभाराला दप्तरे आणि माणसे लागली, हे सगळे डोंगरावर मावत नव्हते. हे मी मान्य करतो. पण गैरसोयीने किल्ला रिकामा का झाला हे कळते, मोडका का झाला हे कळत नाही. रिकामे घर आणि पाडलेले घर यांत फरक आहे. शिवाय गैरसोय इतकी निर्णायक असती तर ताकातोरी, इवामुरा आणि बिच्चू मात्सुयामा हे तीन उंच किल्ले तोकुगावांच्या सगळ्या अमदानीत, एकोणिसाव्या शतकापर्यंत, नांदते राहिले नसते. बिच्चू मात्सुयामात सरदाराचे राहणे आणि कारभार डोंगराच्या पायथ्याशी, आणि वर ४३० मीटरवर किल्ला, अशी सोय लावली होती. तिथला मनोरा १६८३ मध्ये, म्हणजे शांततेची सत्तर वर्षे लोटल्यावर, मिझुनोया कात्सुमुनेने उभारला. परवानगी होती तिथे लोकांनी डोंगर चढण्याची गैरसोय अडीचशे वर्षे सोसली.

दगड पळवले गेले म्हणून तट पडले, असेही म्हटले जाते. सावायामा किल्ल्याचे दगड हिकोने किल्ल्याला लागले, हिझेन नागोयाचे साहित्य कारात्सू किल्ल्याला गेले, असे सांगतात आणि तसे झालेही असेल. जपानी पाथरवट दगडाला कधी पवित्र-अपवित्र मानत बसले नाहीत. यामातोच्या कोरियामा किल्ल्याच्या तटात थडगी आणि बुद्धमूर्तीही बसवलेल्या आहेत. पण हिझेन नागोयाच्या कोपऱ्यांतून काढलेले दगड बऱ्याच ठिकाणी तटाच्या पायथ्याशीच पडून आहेत. दगड हवा होता तर तो तिथे का टाकला? चोर वस्तू घेऊन जातो. इथे वस्तू तिथेच ठेवली आहे, फक्त तिचा उपयोग काढून घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकात हुकुमाची दुसरी लाट आली आणि काळाच्या नावावर सर्वांत जास्त खपवले गेले ते हिचेच काम. तोकुगावांनंतर आलेल्या मेजी सरकारने जानेवारी १८७३ मध्ये किल्ल्यांची दोन गटांत विभागणी केली. काही सैन्याच्या उपयोगासाठी राखले, बाकीचे अर्थखात्याकडे गेले, लिलावात निघाले, वासे-तुळया-कौलांच्या भावाने विकले गेले. क्यूशूतल्या ताकेता गावाजवळचा ओका किल्ला नाकागावा घराण्याने १५९४ पासून सांभाळला होता. खोल दऱ्यांच्या मधल्या पठारावरच्या त्याच्या इमारती १८७४ मध्ये उतरवल्या गेल्या, राहिले ते फक्त तट. तिथल्या गावात १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ताकी रेन्तारो नावाचा मुलगा काही वर्षे राहिला. पुढे १९०१ मध्ये त्याने ‘कोजो नो त्सुकी’, म्हणजे उजाड किल्ल्यावरचा चंद्र, या गीताला चाल दिली. शब्द दोई बान्सुई यांचे. जपानमधल्या शाळाशाळांतून ते गायले गेले आणि पडक्या किल्ल्याकडे उदासपणे, वैभवाच्या नश्वरतेची खूण म्हणून पाहण्याची सवय त्याने कित्येक पिढ्यांना लावली. मला ती चाल प्रिय आहे. पण त्या मुलाने पाहिलेला ओका किल्ला जुनापुराणा नव्हता. तो पाडून वीस वर्षेही झाली नव्हती. ज्यांनी तिथे पहारे दिले ते लोक, ज्यांनी कौले उतरवली ते मजूर, त्याच गावात वावरत असणार. सरकारी लिलावाला चंद्रप्रकाशाने शतकांचे अंतर देऊ केले, आणि लोकांनी ते आनंदाने स्वीकारले.

याच लाटेत बिच्चू मात्सुयामाही विक्रीला निघाला. पण त्याचे लाकूड डोंगरावरून उतरवून आणण्याचा खर्च कोणाला परवडेना, म्हणून मनोरा तसाच राहिला. साठ-पासष्ट वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही. छपरे गळली, भोवतालच्या कित्येक इमारती आणि दरवाजे कोसळले, आणि तरीही १९४० च्या सुमारास दुरुस्तीला हात घातला गेला तेव्हा मनोरा उभा होता. गावकऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी कौले वर वाहून नेली. काळ काय करू शकतो याचा हा उत्तम दाखला आहे. तो लाकडाची खूप हानी करतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याला दशके लागतात आणि तो अर्धवट सोडून देतो. जपानमध्ये जुने मूळ मनोरे आज फक्त बारा उरले आहेत. ही संख्या इतकी लहान झाली ती आधी १६१५ ने, मग १८७३ ने, आणि मग १९४५ च्या बॉम्बफेकीने. यातले एकही पावसाचे काम नाही.

एक आक्षेप मला स्वतःला सर्वांत गंभीर वाटतो. किल्ले हुकुमाने मोडले आणि त्यानंतर अडीचशे वर्षे जपानमध्ये मोठे युद्ध झाले नाही, असे सांगितले की तोकुगावांच्या सत्तेची भलामण होते, मोडलेला प्रत्येक कोपरा शांततेचे स्मारक ठरतो. हे अर्धेच खरे आहे. सरदारांचे डोंगर निःशस्त्र झाल्यामुळे खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांची पिके दरवर्षी जळायची थांबली, हा फायदा खरा होता आणि तो ज्यांना मिळाला त्यांच्यासाठी मोठा होता. पण तीच सत्ता हाराच्या दगडांखाली हजारो माणसे गाडते, फुकुशिमासारख्या मित्राला दुरुस्तीच्या गुन्ह्यासाठी उखडते आणि हिरोहिदेसारख्याला मरायला लावते. अवशेषांकडे काळाची करणी म्हणून पाहिले की हे दोन्ही दिसेनासे होते. लाभही नाहीसा होतो आणि हिंसाही. काळाला जबाबदार धरता येत नाही, जाब विचारता येत नाही. हुकुमाला विचारता येतो. म्हणून हा वाद मला केवळ पुरातत्त्वाचा वाटत नाही.

आजचे हे अवशेषही आपोआप टिकलेले नाहीत. ताकेदावरची झाडे तोडली नसती, गवत कापले नसते तर तट रानात गडप झाले असते. १९४३ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाल्यामुळे तो डोंगर कोणाच्या तरी देखरेखीखाली आहे. छायाचित्रे आणि चित्रपटांमुळे २०१३ च्या आसपास वर्षाला पाच लाखांवर लोक वर चढू लागले तेव्हा गवत मेले, माती उघडी पडली आणि जोत्यांचे दगड व जुनी कौले पायाखाली येऊ लागली. मग प्रवेशशुल्क आले, पायवाटा आखल्या गेल्या, काही भाग बंद करावे लागले. काळाने चारशे वर्षांत जे केले नव्हते ते त्या वर्षांच्या गर्दीने करायला घेतले होते. अशा वेळी दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगाव उभे राहिलेले काँक्रीटचे मनोरे पाहून, इथेही एखादा मनोरा बांधा, पर्यटक खूश होतील, असा आग्रह जपानमध्ये अधूनमधून होत असतो. त्याला माझा विरोध आहे. नवा मनोरा १५९० च्या दशकातला क्षण गोठवतो आणि त्यानंतरची सगळी शतके पुसून टाकतो. रिकामे जोते दोन्ही सांगते, की इथे बांधले गेले आणि इथे थांबवले गेले.

हिझेन नागोया येथे याबाबत जे धोरण धरले गेले आहे ते मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तिथे तट सावरले जातात, धोक्याचे दगड पक्के केले जातात, पण मोडलेले कोपरे मुद्दाम मोडलेलेच ठेवले जातात. खाचा बुजवल्या जात नाहीत. शेजारी १९९३ पासून सागा प्रांताचे संग्रहालय आहे आणि त्याचा विषय किल्ल्याचे वैभव नसून जपान आणि कोरिया यांचा दोन हजार वर्षांचा संबंध, त्यातल्या त्या स्वारीसकट, हा आहे. तिथला तट दुरुस्त करणाऱ्या पाथरवटाला दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. पावसाने फुगवलेली भिंत पूर्ववत करायची, आणि शेजारचाच माणसाने उपसलेला कोपरा आहे त्या स्थितीत टिकवायचा. त्यासाठी प्रत्येक ढासळीपुढे उभे राहून आधी ठरवावे लागते, की हे कोणी केले.